पोपटबाप

पोपटबाप लग्नाला येतो, अक्षता टाकतो आणि पंगत बसायच्या आत निघतो. कुणी अडवलंच तर घड्याळाकडे बोट दाखवून म्हणतो, "दोनचं फीडिंग आहे." ऐकणाऱ्याला वाटतं, सूनबाई बाळंत झाली असावी. तो अभिनंदनाला हात पुढे करतो, पोपटबाप तो मनापासून हातात घेतो आणि मग मोबाइल काढतो. फोटोत अर्ध्या पिसांचं, अर्ध्या काट्यांचं, चोचीभोवती लापशी वाळलेलं एक पिल्लू असतं. "सन कॉन्युअर. सहा आठवड्यांचा. बंड्या."

ठाणे, डोंबिवली, पिंपरीकडच्या सोसायट्यांतून ही जमात हल्ली बरीच दिसते. वय साठीच्या आसपास, बँकेतून किंवा विम्यातून निवृत्त, मुलगा बंगळूरला किंवा त्याच्याही पलीकडे. आधीच्या पिढीत अशा गृहस्थाकडे हिरवा पोपट असे. तो विठू विठू म्हणे, मिरची खाई आणि एक दिवस पिंजरा उघडा राहिला की उडून जाई. आता 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा देशी पोपट घरात ठेवू देत नाही आणि पोपटबाप कायदा पाळणारा माणूस आहे. म्हणून त्याचा पक्षी मूळचा गयाना आणि उत्तर ब्राझीलकडचा असतो. त्या रानांत हा पक्षी आता धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे, पण पिंजऱ्यांत त्याला तोटा नाही. परदेशी पक्ष्याची परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पोपटबाप ती करतो, प्रमाणपत्र लॅमिनेट करून ठेवतो आणि आल्यागेल्याला दाखवतो. मुलाचा जन्मदाखला कुठल्या फायलीत आहे, हे मात्र अजून वहिनींनाच माहीत.

पिल्लू घ्यायचं तर स्वतःच्या चोचीने खायला लागलेलं घ्यावं. चांगले ब्रीडर नवख्या माणसाला भरवण्यावरचं पिल्लू देतच नाहीत, आणि खाऊ लागलेलं पिल्लूही माणसाला तितकाच लळा लावतं. पण कुणीतरी विक्रेता पोपटबापाच्या कानात सांगतो, "काका, तुम्ही हाताने भरवलंत ना, तर तो तुम्हालाच आई समजेल." झालं. तीस-पस्तीस वर्षं नोकरीत घालवलेल्या माणसाला ही पदोन्नती नाकारता येत नाही.

मग स्वयंपाकघराचा एक कोपरा वहिनींच्या हातातून जातो. तिथे सिरिंजा उकळत पडतात, भुकटीचा डबा येतो, थर्मामीटर येतो. केकसाठी आणलेला ग्रॅमचा काटा पक्ष्याच्या मालकीचा होतो. नॉनस्टिक तवा हद्दपार होतो, कारण तो जास्त तापला की त्याच्या वाफेने पक्षी मरतो. हे खरंच आहे. पण वहिनींनी तोच तवा खरवडला गेलाय, बदलू या, असं गेली दोन वर्षं म्हटलं होतं, तेव्हा ते खरं नव्हतं.

लापशी 40 अंशांच्या आसपास लागते. गार झाली तर पचत नाही, गळ्याखालच्या पिशवीत तशीच राहून आंबते. फार गरम झाली तर ती पिशवीच भाजते. मायक्रोवेव्हमध्ये एका जागी गार नि एका जागी कढत होते, म्हणून तोही वर्ज्य. पोपटबाप भांड्यात थर्मामीटर बुडवून श्वास रोखून उभा असतो. वहिनी जाता जाता म्हणतात, "मनगटावर थेंब टाकून बघा की." त्यावर तो असं हसतो, की दोन मुलं मनगटावरच्या थेंबावर वाढवलेल्या बाईने लाटणं खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहावं.

खरी कसोटी वरच्या अन्नाला सुरुवात करताना लागते. सन कॉन्युअरचं पिल्लू साधारण आठ ते दहा आठवड्यांत भरवणं सोडतं. पोपटबापाने याचा तक्ता केलेला असतो. आधी दुपारचं फीडिंग बंद, मग सकाळचं, रात्रीचं सगळ्यात शेवटी. पिल्लाने तक्ता वाचलेला नसतो.

समोर ताटली येते. मोड आलेले मूग, उकडलेला मका, किसलेलं गाजर, शेवग्याचा पाला, कोमट पाण्यात भिजवलेले पेलेट, राळ्याचं एक कणीस. मीठ नाही, कांदा नाही, अॅव्होकाडो तर घरात आणायचंच नाही, ते पोपटांना विषच. एवढा थाट वहिनींनी डोहाळेजेवणालाही पाहिला नव्हता. बंड्या ताटलीत पाय देऊन उभा राहतो, मुगाचा एक दाणा चोचीत फिरवतो आणि भिंतीवर मारतो. मका पडद्यावर जातो. गाजर चष्म्यावर येतं. मग तो पंख अर्धे पसरून, मान वरखाली हलवत, दार न उघडणाऱ्या बिजागरीसारखा कुरकुरू लागतो. सिरिंज कुठे आहे, एवढंच त्याला विचारायचं असतं.

इथे पोपटबापाचं एक मानलं पाहिजे. पिल्लाला उपाशी ठेवून खायला लावणारे लोक आहेत. भूक लागली की खाईल, नाही खाल्लं तर रडेल. तशी पिल्लं पुढे घाबरट आणि हावरट निघतात, हे जाणकार सांगतात, आणि पोपटबाप ते मानतो. समोर भरपूर ठेवायचं, मागितलं तर भरवायचंही, सोडायचं ते त्याचं त्याला सोडू द्यायचं. इतका समजूतदार बाप मी दुसरा पाहिलेला नाही. याच माणसाने पोटच्या पोराला पोहायला शिकवलं, ते विहिरीत ढकलून.

मधल्या काळात वजन उतरतं. उडायच्या आधी पिल्लू थोडं हलकं होतं, निसर्गाचीच तशी सोय आहे. पण सकाळी काट्यावर एकशे दहाचे एकशे तीन ग्रॅम दिसले की पोपटबापाच्या तोंडचं पाणी पळतं. पक्ष्यांचा डॉक्टर शहरात एखादाच, तो शांतपणे सांगतो, थोडं उतरणारच, फार उतरलं किंवा सकाळी गळ्याखालची पिशवी भरलेलीच दिसली तर घेऊन या. तरीही त्या दिवशी बंगळूरहून फोन येतो, "बाबा, बीपीची गोळी घेतली का?" आणि उत्तर जातं, "सात ग्रॅम गेले रे."

कुठेतरी तो वाचतो, की पोपट थव्यात खातात आणि बघून बघून शिकतात. आपण समोर बसून खाल्लं पाहिजे. झालं, दुसऱ्या दिवसापासून पोपटबाप पिंजऱ्यासमोर मांडी घालून बसतो आणि बिनमिठाचे कच्चे मूग एकेक करून, डोळे मोठे करत, "अहाहा, काय छान" म्हणत खातो. दुधी पानात दिसला की ज्याचा चेहरा उतरायचा, तो उकडलेला दुधी चोखत बसलेला पाहून कामवाल्या मावशींनी वहिनींना हळूच विचारलं, "साहेबांना बरं नाही का?" मीठ कमी करा म्हणून डॉक्टर पाच वर्षं सांगत होते. बंड्यामुळे ते एका आठवड्यात जमलं. बंड्या खात मात्र नव्हता. करमणूक चालली आहे अशा नजरेने तो बघत होता.

शेवटी त्याने खाल्लं ते एका दुपारी. पोपटबाप खालच्या दुकानात राळ्याची कणसं आणायला गेला होता. वहिनी टेबलावर एकट्या, पेपर वाचत जेवत होत्या. बंड्या खुर्चीच्या पाठीवरून खांद्यावर, खांद्यावरून हातावर उतरला आणि त्यांच्या ताटातला पोळीचा तुकडा उचलून, एका पायात धरून, सावकाश कुरतडून खाऊ लागला. वहिनींनी पान उलटलं. पोपटबाप दारात आला आणि तिथेच थबकला. मग कुजबुजत म्हणाला, "हलू नकोस. बघ, ट्रेनिंगचा परिणाम."

"तुमच्या मुलानेही पहिला तुकडा माझ्याच ताटातला उचलला होता," वहिनी पेपरातून मान वर न करता म्हणाल्या. "तुम्ही साताऱ्याला ऑडिटला होता."

त्यानंतर ताटली रिकामी होऊ लागली. सिरिंज दिसली की बंड्या अजून कुरकुरतो, एखाद्या रात्री दोन घोट घेतोही. पिल्लं अशी मागे येतातच. पोपटबाप म्हणतो, हे पोटासाठी नाही, मायेसाठी आहे. कुणाच्या, ते तो सांगत नाही.

हल्ली त्याच्याकडे सल्ला मागायला लोक येतात. दुसऱ्या मजल्यावरची मुलगी परवा सहा महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन आली होती. बाळ वरचं काही तोंडातच घेत नाही म्हणून रडकुंडीला आलेली. पोपटबापाने तिला खुर्ची दिली आणि गंभीरपणे सांगितलं, जबरदस्ती करायची नाही. भरपूर समोर ठेव. सांडू दे, फेकू दे. तू त्याच्यासमोर बसून खा. वजन रोज सकाळी, एकाच वेळी. वजनाचा भाग सोडला तर बाळांच्या डॉक्टरलाही यात फारसं खोडून काढता आलं नसतं. मुलीचा चेहरा जरा उजळला.

"काका, तुमचा मुलगा कितव्या महिन्यात खायला लागला?"

पोपटबाप दोन क्षण बंड्याकडे बघत राहिला. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाला, "अगं, कितव्या गं?"

"सहाव्या. उष्टावणाच्या फोटोत सगळे आहेत, तुम्ही सोडून."

"मग फोटो मीच काढत असणार."

"कॅमेरा आपल्याकडे 98 साली आला," आतून उत्तर आलं. "मुलगा तिसरीत होता."