लायब्ररी लावली

आमच्या घरात लायब्ररी लावणं हा संस्कार होता. मुंज, शिकवणी, लायब्ररी, या क्रमाने. त्यामुळे १९९६च्या मे महिन्यात मी "बाबा, लायब्ररी लावू का?" असं विचारलं, तेव्हा वडिलांनी चक्क हातातला पेपर खाली ठेवला. एरवी ते पेपर फक्त वीज गेल्यावर किंवा नात्यातलं कुणी गेल्यावरच खाली ठेवत. "लाव की! विचारतोस काय!" असं म्हणून त्यांनी शंभराची नोट काढून दिली. लायब्ररी कसली, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. सत्यनारायणाच्या कथेतल्या साधुवाण्याने नावेत पालापाचोळा आहे म्हणून सांगितलं होतं. मी तर पालापाचोळ्याचंही नाव काढलं नाही.

माझ्या लायब्ररीचं मूळ मस्कतच्या मामाने आणलेल्या गेमच्या यंत्रात होतं. सेगा मेगाड्राइव्ह. काळंकुळकुळीत, आणि अंगावर मोठ्या अक्षरांत '१६-बिट'. "सोळा आणे ठाऊक आहेत, हे सोळा बिट काय?" आजीने विचारलं. मामाने ऐटीत सांगितलं, की यात मोटोरोलाची ६८००० चिप आहे, ॲपलच्या पहिल्या मॅकिंटॉशमध्ये हीच होती. आजीला त्यातलं ॲपल तेवढं कळलं आणि ते जपून खा असं तिने बजावलं. हे यंत्र जपानात १९८८ साली आलं होतं. म्हणजे डोंबिवलीला पोचायला त्याला आठ वर्षं लागली. आमची सकाळची लोकल त्यामानाने वक्तशीरच म्हणायची.

चाळीतल्या बाकीच्या पोरांकडे आठ बिटांची यंत्रं होती आणि एकाच कॅसेटमध्ये ९९९९ गेम. त्यातले वेगळे म्हणावेत असे दहा-बारा, उरलेले त्यांचेच चुलतभाऊ. माझ्या सोळा बिटांबरोबर मात्र एकच कॅसेट आली होती, आणि मेगाड्राइव्हचे तर जगभरात आठशेच्या वर गेम निघालेले. ही तूट भरून काढायला स्टेशनजवळच्या बोळातले व्हिडिओ लायब्ररीवाले काका होते. शंभर रुपये डिपॉझिट, दिवसाला वीस रुपये भाडं, आणि उद्या सातच्या आत कॅसेट परत. नियम संपले.

गेमबरोबरची माहितीपुस्तिका मागितली, तर काका म्हणाले, "कागद कशाला? खेळायचंय ना?" अमेरिकेत गेम बनवणाऱ्या निंटेंडोने १९८९ साली ब्लॉकबस्टर या कॅसेट भाड्याने देणाऱ्या कंपनीवर खटला भरला होता, तो याच पुस्तिकांच्या झेरॉक्स काढून वाटल्याबद्दल. आमच्या काकांवर कुणी असा खटला भरला असता तर ते निर्दोष सुटले असते. त्यांनी पुस्तिका कधी पाहिलेलीच नव्हती.

पुस्तिका नसली की काय होतं, ते पहिल्याच रविवारी कळलं. 'एको द डॉल्फिन' आणला. निळंशार पाणी, सभोवती डॉल्फिनचा गोतावळा. शत्रू नाही, भांडण नाही. मी दिवसभर पोहलो. मधून मधून श्वास घ्यायला वर यायचो, जेवायला उठायचो, परत पोहायचो. आजी म्हणाली, "किती शांत आहे रे हा खेळ!" शांत असणारच, कारण तो सुरूच झाला नव्हता. डॉल्फिनने पाण्याबाहेर उंच उडी मारली की वादळ येतं, सगळे सोबती आकाशात खेचले जातात आणि मग कथा सुरू होते. एक डॉल्फिन तुला किती उंच उडता येतं म्हणून विचारत होता, पण इंग्रजीत. मला वाटलं, ख्यालीखुशाली विचारतोय. वीस रुपये देऊन मी दिवसभर मत्स्यालय पाहिलं.

'एक्स-मेन'ची तऱ्हा याहून न्यारी. पुढे जाऊन एका ठिकाणी कॉम्प्युटर रीसेट करा असा हुकूम येतो. पडद्यावर असेल नसेल ते सगळं बडवून झालं, वेळ संपत आली, तरी काही होईना. ते बटण पडद्यावर नव्हतंच. समोर टीपॉयवर ठेवलेल्या यंत्राचं खरंखुरं रीसेट दाबायचं होतं, तेही हलकेच, कारण जरा जास्त दाबलं की सगळा डाव मुळापासून सुरू! काकांकडे ही कॅसेट 'खराब' म्हणून वेगळी काढून ठेवलेली होती. चार गिऱ्हाइकांनी तशी तक्रार केली होती.

'सॉनिक ३'मध्ये खेळ साठवायला सहा खाती होती. भाड्याची कॅसेट असल्याने सहाही भरलेली, प्रत्येकावर कुणी कुठवर पोचलं त्याचं चित्र. सहाही चित्रं एकाच जत्रेची! त्या जत्रेत एक वर-खाली होणारं पिंप आहे. त्यावर कितीही उड्या मारल्या तरी ते पुरेसं खाली जात नाही. नुसतं उभं राहून वर-खालीची बटणं तालात दाबायची असतात. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते सहा जण कोण, हे मला कधीच कळलं नाही, पण अख्खी डोंबिवली एका पिंपापाशी अडकली आहे, हे पाहून मला फार बरं वाटलं.

आणि मग 'लायन किंग'. दुसऱ्या लेव्हलला माकडं असतात. छाव्याने त्यांच्यावर डरकाळी फोडायची, म्हणजे ती तोंड फिरवतात. योग्य माकडाचं तोंड योग्य दिशेला असेल तरच ती छाव्याला फेकत फेकत पुढे पोचवतात, नाही तर होता तिथे परत. सरकारी कचेरीत फाइल फिरते ती याच पद्धतीने. मी ही कॅसेट सहा वेळा आणली. "काय वाचतोयस सध्या?" बाबांनी विचारलं. "सिंहाच्या छाव्याची गोष्ट," मी म्हणालो. यात खोटं काहीच नव्हतं. त्या संध्याकाळी ते लवकर घरी आले. दारात उभं राहून त्यांनी पाऊण तास माझी गोष्ट पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, "दुसरं प्रकरण संपत का नाही?" मग सहा गुणिले वीस केलं, मला 'मठ्ठ' ही पदवी दिली आणि लायब्ररी बंद झाली.

ही पदवी मी जवळजवळ तीस वर्षं वागवली. परवा कळलं, की 'लायन किंग' बनवणाऱ्या वेस्टवूडच्या लुई कॅसल यांनीच सांगून टाकलंय: दुसरी लेव्हल मुद्दाम अवघड केली, डिस्नीच्या सांगण्यावरून. भाड्याने नेणाऱ्यांनी दोन दिवसांत गेम संपवला तर विकत कोण घेणार? 'एको'चे जनक एड अनुन्झियाटा यांनीही कबूल केलंय, की पोरं शनिवार-रविवारात गेम संपवतील या धास्तीने तो अवघड केला. जपानात तेव्हा गेम भाड्याने देण्याची पद्धतच नव्हती. तिथल्या 'कॉन्ट्रा: हार्ड कोअर'चा नायक तीन फटके सोसतो. अमेरिकन आवृत्तीतला एकाच फटक्यात मरतो. बोध ज्याचा त्याने घ्यावा.

मी तडक बाबांना फोन लावला. म्हटलं, "मी मठ्ठ नव्हतो. भाडेकरूंविरुद्ध कट होता तो!" पलीकडे बराच वेळ शांतता. मग ते हळूच म्हणाले, "१९६५ साली गिरगावातल्या लायब्ररीतून रहस्यकथा आणली होती. शेवटची दोन पानं फाडलेली. इतकी वर्षं मी वाचकांना शिव्या घालत आलो. आत्ता कळलं, प्रकाशकाचाच माणूस असणार!"

खुनी कोण, हे त्यांना अजून कळलेलं नाही. छावा अजून माकडांच्या हातात आहे. दोघांनी एकमेकांचं सांत्वन केलं. फोन ठेवता ठेवता बाबांनी विचारलं, "त्या माणसाकडून डिपॉझिट परत घेतलंस का रे?"

"नाही."

"मग तुझी लायब्ररी अजून चालू आहे म्हणायची," ते म्हणाले. "वाच, वाच."