शेहेचाळीस सेकंदांचा भक्त

आरमोरीत बँड म्हटला की लग्नाचा. त्यामुळे हा पानठेल्यावर येऊन धापा टाकत ‘नवा बँड सापडला’ म्हणतो, तेव्हा पहिला प्रश्न येतो, “वरातीचे किती घेते?”

हा म्हणजे नागपूरला इंजिनिअरिंग करून परतलेला, एमपीएससीची तयारी करणारा आणि मे महिन्याच्या उन्हातही काळा टी-शर्ट न सोडणारा. याचा धर्म हार्डकोर पंक. सोवळंही कडक: बँडला मोठ्या कंपनीचा हात लागलेला नको, गाणं दोन मिनिटांच्या आत आटोपलं पाहिजे आणि ऐकणारे मोजके हवेत. ऐकणारे वाढले की बँड बाटला. मुंबईच्या ‘डेथ बाय फंगाय’चं नाव कुणी काढलंच, तर सातबारा दाखवावा तसा हा आपला जुना हक्क दाखवतो.

मागे त्यानं वॉशिंग्टनच्या ‘मायनर थ्रेट’चं १९८१चं ‘स्ट्रेट एज’ लावलं. ठेलेवाल्यानं खर्रा घोटायला नुकतीच सुरुवात केली होती. सुपारी ओली व्हायच्या आत गाणं खलास.

“काहून बंद केला गा?”

“संपलं. शेहेचाळीस सेकंद.”

“मंग पुरा लाव ना.”

ते गाणं नशेच्या विरोधात आहे, हे त्यानं तोंडातला खर्रा एका गालात सरकवून समजावलं. तसा आमचा अख्खा गडचिरोली जिल्हा दारूबंदीमुळे १९९३पासून कागदोपत्री स्ट्रेट एजच आहे. पण ते कुणी बोललं नाही. ठेल्यावर काही विषय काढायचे नसतात.

‘मायनर थ्रेट’च्या पोरांनी स्वतःची ‘डिस्कॉर्ड’ नावाची कंपनी काढली, रेकॉर्डची पाकिटं हातानं कापली, दुमडली, चिकटवली, हे सांगताना याचा गळा दाटून येतो. याच्या अंथरुणाची घडी अजून आई घालते.

आमच्या झाडीपट्टीचं नाटक मात्र याला कमर्शियल वाटतं. वडसाच्या नाटक कंपन्या पदरचे पैसे घालतात, दिवाळीनंतर बाहेर पडतात, गावोगावच्या शंकरपटांमागे रात्र रात्र प्रयोग करत होळीपर्यंत फिरतात. परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली, तीही याच रंगभूमीवरच्या कामासाठी. एवढी स्वतंत्र मंडळी याला अमेरिकेत सापडली असती, तर यानं छातीवर गोंदवून घेतली असती. पण नाटकाला सगळा गाव जातो, आणि यानं शोधण्याआधीपासून जातो. तिथंच सगळं बिनसतं.

याचा घात केला तो एका नाटक कंपनीच्या ऑक्टोपॅडवाल्यानं. ठेल्यावर उभ्या उभ्या त्यानं वॉशिंग्टनच्याच ‘बॅड ब्रेन्स’चं एक गाणं ऐकलं, काउंटरवर बोटं आपटली आणि तोच ठेका तसाच्या तसा वाजवून दाखवला. “हे तं आमचं मारामारीचं म्युझिक होय,” म्हणाला, आणि लगेच, “अजून आहे का असं?”

आजवर याला ते कुणी विचारलंच नव्हतं. दोन तास याचा मोबाइल त्याच्या हातात होता.

यंदाच्या सीझनला हा तिकीट काढून, मफलर गुंडाळून रात्रभर बसला. तिसऱ्या अंकात खलनायक आला, ऑक्टोपॅड सुटला आणि हा ताडकन उठला. शेजारच्या काकांना हलवून सांगू लागला की हा ठेका मूळचा वॉशिंग्टनचा, चार कृष्णवर्णीय पोरांनी...

“खाली बस बे,” काका म्हणाले, “खलनायकाले बोलू दे.”