टाकीत ऊस, शिवारात तहान

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. हे उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते अलीकडे ओढलं आणि देशाने २०२५ मध्ये गाठलंही. २०१४ मध्ये हेच प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होतं. परकीय चलन वाचलं, साखर कारखान्यांच्या हाती पैसा आला, उसाची बिलं निघू लागली. हे सगळं मान्य. पण टक्का वाढला म्हणजे कार्बन तेवढाच घटला, हा हिशेब मला मान्य नाही. इथेनॉल कशापासून केलं, यावर सगळं ठरतं.

मळीपासून करा. साखर काढून झाल्यावर उरलेला तो माल आहे. पण २०१८ च्या धोरणाने थेट उसाच्या रसालाही दार उघडलं. नीती आयोगाचाच २०२१ चा आराखडा सांगतो, की उसापासून एक लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, त्या मराठवाड्यात ऊस वाढवून पेट्रोल वाचवायचं? मग भूजल कोण भरून देणार?

यात शेतकऱ्याला दोष देऊ नका. उसाला एफआरपी म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर आहे, हक्काचं गिऱ्हाईक आहे. तुरीला, ज्वारीला हमीभाव जाहीर होतो, खरेदी मात्र वेळेवर होत नाही. तो ऊस लावणारच.

२०२३ मध्ये पावसाने ओढ दिली आणि डिसेंबरात सरकारला रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध आणावे लागले. डिस्टिलऱ्या मक्याकडे वळल्या. मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये आयातदार झाला, कोंबडीखाद्य महागलं. पुढे अन्न महामंडळाचा ५२ लाख टन तांदूळ इथेनॉलसाठी राखून ठेवला गेला. ताटातलं टाकीत घालून कोणताही देश स्वच्छ होत नाही.

आणि जे खरोखर जाळायचं, ते शेतातच जळतंय. पंजाब-हरियाणात भाताचा पेंढा दर हिवाळ्याच्या तोंडावर पेटतो. पानिपतला पेंढ्यापासून इथेनॉल करणारा प्रकल्प २०२२ मध्ये उभा राहिला. शेण, साखर कारखान्यातला प्रेसमड, शहरातला ओला कचरा यांपासून बायोगॅस करण्यासाठी २०१८ मध्ये ‘सतत’ योजना आली, पाच हजार प्रकल्पांचं लक्ष्य घेऊन. त्या आकड्याच्या जवळपासही आपण पोचलो नाही. पेंढा गोळा करायला, बांधायला, वाहायला पैसा लागतो. तिथे हात आखडता घेतला गेला.

जैवइंधन मुळात मर्यादितच मिळणार. म्हणून ते जिथे वीज सहज पोचत नाही तिथे वापरा: विमानं, जहाजं, कारखान्यांच्या भट्ट्या. मोटार आणि स्कूटर विजेवर धावू शकतात. ती वीज सौर असेल, तर एका एकरातून उसापेक्षा कितीतरी पट जास्त अंतर कापता येतं.

इथेनॉलच्या खरेदी दरात पाण्याचा हिशेब धरा. तुटीच्या खोऱ्यांतल्या रसाला परवाना देऊ नका. पेंढा आणि कचऱ्याला उसाइतकं हमखास गिऱ्हाईक द्या. सरकार २० टक्क्यांचा आकडा दिमाखात छापतं. त्याच्याच शेजारी आणखी दोन आकडे छापावेत: त्यासाठी किती पाणी गेलं आणि किती धान्य. ते छापेपर्यंत या इंधनाला कोणी हिरवं म्हणू नये.