परमुलखातील शिलेदारी

सांगलीच्या पेठेत हळदीचे सौदे निघतात तेव्हा माल कोणाचा हे तरी वहीत नोंदले जाते. हॉकीच्या लिलावात तेवढी तसदी घेण्याचे कोणास कारण पडत नाही. 2024 साली महिलांच्या पहिल्या हॉकी इंडिया लीगसाठी बोली लागली, तेव्हा दिल्ली, बंगाल, ओडिशा आणि पंजाब-हरियाणाचा सूरमा असे चारच संघ खरेदीस बसले होते, आणि बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत मुली घडविणारा महाराष्ट्र प्रेक्षकांत होता. फलटण तालुक्यातील आसूची वैष्णवी फाळके सूरमाच्या दप्तरी दाखल झाली, सातारा जिल्ह्याचीच ऋतुजा पिसाळ ओडिशाच्या. आणि 26 जानेवारी 2025 रोजी रांचीत याच दोन संघांचा अंतिम सामना होऊन ओडिशाने तो 2-1 असा जिंकला, तेव्हा विजेत्यांचे दोन्ही गोल ऋतुजाचे होते. ज्या साताऱ्याच्या गादीच्या नावे अठराव्या शतकात ओरिसाची वसुली होई, त्या साताऱ्याने ती सव्याज परत केली, असे इतिहाससंशोधकांनी खुशाल नोंदवावे.

सांगलीकरांनी यावर हसू नये. त्यांच्या स्मृती मानधनाला महिला क्रिकेटच्या 2023 च्या लिलावात 3 कोटी 40 लाख मोजून नेले ते बंगळूरने.

हॉकीच्या पुढील मोसमात कोण कोणाकडे जाणार याचे तर्क आपण चवीने लढवितो. कोणी आपल्याकडे येण्याचा संभव मात्र नाही, कारण येण्यासाठी संघ लागतो. तेव्हा उभय जिल्ह्यांतील साखरसम्राटांनी येत्या सर्वसाधारण सभेत संघ काढण्याचा ठराव आणावा, आणि सत्काराच्या शाली तूर्त कपाटातच राहू द्याव्यात.