मेमसाहेबाचे माहेर कसे शोधावे?
नरोली व पंचक्रोशीतील होतकरू वंशशोधकांसाठी सुलभ मार्गदर्शिका

प्रास्ताविक

नरोलीचा माणूस वंशशोधनासाठी जन्मतःच पात्र असतो. १७७९च्या तहात पेशव्यांनी पोर्तुगीजांना बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे कबूल केली, १७८३मध्ये नगर हवेली परगणा त्यांच्या हवाली झाला, २८ जुलै १९५४ला नरोली मोकळी झाली. मग सात वर्षे वरिष्ठ पंचायतीचा कारभार, ऑगस्ट १९६१मध्ये भारतात विलीनीकरण आणि २०२०मध्ये दमण-दीवशी सोयरीक. एवढ्या काळात दमणगंगेकाठचे घर वीतभरही हलले नाही. हलली ती दफ्तरे. त्यामुळे घरातल्या एखाद्या पूर्वजाचा कागद हवा म्हटले की पुणे, दमण, पणजी आणि लिस्बन अशी चारधाम यात्रा ठरलेली.

दमण-गोव्याकडे आजोबांची जन्मनोंद लिस्बनला चढवून पासपोर्ट काढणारे लोक आहेत. त्यांच्या शोधाला हेतू असतो, म्हणून तो तडीस जातो. प्रस्तुत मार्गदर्शिका त्यांच्यासाठी नाही. ती निव्वळ जिज्ञासेपोटी, सेवानिवृत्तीनंतर आणि घरच्यांच्या नाराजीत शोध घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे.

साहित्य

दोनशे पानी वही, भिंग, भिलाडहून मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक, भरपूर वेळ आणि बेताचा निर्लज्जपणा.

पायरी पहिली: सराव दुसऱ्याच्या घराण्यावर करावा

स्वतःच्या पणजीपासून आरंभ केल्यास चुलते बोलणे टाकतात. म्हणून सरावाला परकी, मृत आणि प्रसिद्ध बाई घ्यावी. आमची शिफारस: ॲना लिओनोवेन्स. १८६२ ते १८६७ या काळात ही बाई सयामच्या राजा मोंगकूटच्या दरबारात राजपुत्रांची आणि राण्यांची शिक्षिका होती. तिने त्यावर पुस्तके लिहिली, त्यांवरून १९४४मध्ये मार्गारेट लँडनने कादंबरी लिहिली, कादंबरीवरून ‘द किंग अँड आय’ हे संगीत नाटक झाले, नाटकावरून चित्रपट झाला आणि चित्रपटावर थायलंडमध्ये बंदी आली. एवढे होईपर्यंत या बाईचे माहेर कुठले, हे नीट तपासायचे कोणाला सुचले नाही.

पायरी दुसरी: बाईचे म्हणणे लिहून घ्यावे, विश्वास ठेवू नये

ॲनाचे म्हणणे असे: जन्म १८३४, वेल्समधील कार्नार्व्हन. माहेरचे आडनाव क्रॉफर्ड. वडील कॅप्टन, शिखांशी लढताना पडले. पती मेजर, वाघाच्या शिकारीनंतर उष्माघाताने वारले.

दफ्तराचे म्हणणे असे: जन्म नोव्हेंबर १८३१, मुक्काम अहमदनगर. माहेरचे आडनाव एडवर्ड्‌स. वडील सॅपर्स अँड मायनर्स पलटणीतले सार्जंट, मूळ धंदा सुतारकाम, आणि ते लेक जन्मण्याच्या तीन महिने आधीच वारलेले. पती टॉमस लिओन ओवेन्स हे कारकून. त्यांचा अंत १८५९मध्ये पेनांगला झाला तेव्हा ते हॉटेल सांभाळत होते. वाघाचा उल्लेख नाही.

यावरून पुढील कोष्टक पाठ करावे. कॅप्टन म्हणजे सार्जंट. मेजर म्हणजे कारकून. वेल्स म्हणजे नगर. वय तीन वर्षांनी वाढवावे. हे कोष्टक फक्त इंग्रजांना लागू आहे असे समजू नये. आपल्याकडेही ज्याच्या त्याच्या घराण्यात एक सरदार निघतो. सरदाराचा घोडा सांभाळणारा मात्र कोणाच्याच घराण्यात निघत नाही, मग ते सगळे घोडे सांभाळले कोणी, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.

पायरी तिसरी: योग्य तज्ज्ञ नेमावा

ॲनाची थाप पकडली ती डब्ल्यू. एस. ब्रिस्टो यांनी. हे गृहस्थ इतिहासकार नव्हते. कोळ्यांचे अभ्यासक होते. मासे धरणारे कोळी नव्हेत, जाळे विणणारे. त्यांना ॲनाशी कर्तव्यही नव्हते. ते तिच्या मुलाचे, लुईचे, चरित्र लिहीत होते. आईने सांगितल्याप्रमाणे लुईचा जन्म लंडनचा. तिथे दाखला मिळेना, कारण चिरंजीव ऑस्ट्रेलियात जन्मले होते. एक धागा सुटला, तो ओढत ब्रिस्टो थेट मुंबई इलाख्यात पोचले. त्यांचे पुस्तक १९७६मध्ये आले.

बोध: ज्याचा शोध घ्यायचा त्याच्यामागे लागू नये, शेजारच्या माणसामागे लागावे. स्वतःबद्दल खोटे बोलणारा माणूस सावध असतो. मुलाच्या जन्मगावाबद्दल बोलताना त्याचा हात ढिला पडतो.

पायरी चौथी: नोंदवह्या योग्य क्रमाने उलगडाव्यात

कंपनी सरकारचे पाद्री बाप्तिस्मा, विवाह आणि दफन अशा तिन्ही नोंदींच्या प्रती दरसाल लंडनला रवाना करत. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मुंबई इलाख्याच्या वह्यांना तिथे ‘एन-३’ असा क्रमांक आहे. म्हणजे नगरच्या छावणीत जन्मलेल्या पोरीचा जन्म लंडनमध्ये पाहायला मिळतो. कागद जपून ठेवण्याबाबत कंपनी सरकारशी बरोबरी करणे कठीण. देश गेला, वह्या राहिल्या.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचे नाव, आडनाव आणि हुद्दा मिळतो. आईचे फक्त पाळण्यातले नाव मिळते. तिचे आडनाव तेव्हा नवऱ्याचे झालेले असते. म्हणून आई हवी असेल तर बाप्तिस्मा सोडून विवाहाची वही उघडावी. ॲनाच्या बाबतीत ती वही ठाण्याची आहे: सेंट जेम्स चर्च, १५ मार्च १८२९, टॉमस एडवर्ड्‌स आणि मेरी ॲन ग्लॅस्कॉट. इंग्रज ठाण्याला टॅन्ना आणि पुण्याला पूना लिहीत. ज्याला ठाणे ‘टी’मध्ये ‘एच’ पकडूनच शोधायचे आहे त्याने दुसरा छंद पाहावा. अहमदनगरचेही २०२४मध्ये अहिल्यानगर झाले आहे, तेव्हा पुढच्या पिढीच्या वंशशोधकांची सोय आपण आत्ताच करून ठेवलेली आहे.

विवाहाच्या वहीत पुढची पाने चाळायला विसरू नये. एडवर्ड्‌स वारल्यावर मेरी ॲनने पुढच्याच वर्षी पॅट्रिक डोनोहो या आयरिश कॉर्पोरलशी लग्न केले. यावर नाक मुरडू नये. पलटणीत विधवेचा शिधा फार दिवस चालत नसे; कडेवर एक आणि पोटाशी एक पोर घेऊन बराकीबाहेर पडायचे किंवा दुसऱ्या शिपायाशी लग्न लावायचे, एवढाच पर्याय. शोक करायला सरकारी तरतूद नव्हती.

पुढे १८४९च्या नाताळात पुण्याला ॲनाचे लग्न झाले. नवऱ्याचे मधले नाव लिओन आणि आडनाव ओवेन्स. दोन्ही जोडून एकच भारदस्त आडनाव झाले. तेव्हा जोडशब्दाचा विग्रह करण्याची शालेय सवय इथे कामी येते.

पायरी पाचवी: वाट खुंटल्यास बहिणीकडे जावे

ज्या बाईने माहेर लपवले तिने बहीणही लपवलेली असते, पण बहिणीने काही लपवलेले नसते. ॲनाची थोरली बहीण एलायझा. एलायझाची मुलगी प्रॅट घराण्यात पडली. तिचा धाकटा मुलगा विल्यम हेन्री प्रॅट १८८७मध्ये जन्मला, मोठेपणी त्याने नाव बदलून बोरिस कार्लोफ घेतले आणि १९३१च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये तो राक्षस झाला. म्हणजे नगरच्या सार्जंट एडवर्ड्‌सच्या एका लेकीवर हॉलिवुडने गाण्यांचा चित्रपट काढला आणि दुसऱ्या लेकीच्या नातवाच्या मानेत खिळे ठोकले. नाव बदलण्याची कला मात्र दोन्ही शाखांत सारखीच उतरली.

पायरी सहावी: आजी

इथवर आलेल्या शोधकाचा आत्मविश्वास वाढलेला असतो. आता मेरी ॲनचे आईवडील शोधावेत. वडील लगेच सापडतात: विल्यम व्हॉड्री ग्लॅस्कॉट, १८१०मध्ये हिंदुस्थानात दाखल, मुंबई लष्कराच्या चौथ्या देशी पायदळ पलटणीतले अधिकारी. पलटण, साल, हुद्दा, सगळे जागच्या जागी.

आईचे नाव नाही. लंडनच्या प्रतींत नाही, इथल्या कागदांत नाही. ‘बॉम्बे ॲना’ हे चरित्र लिहिणाऱ्या सुझन मॉर्गन यांनी २००८मध्ये या कोऱ्या जागेचा सरळ अर्थ लावला: ग्लॅस्कॉटची बायको युरोपीय असती तर तिचे नाव कुठेतरी पडले असते. ज्या अर्थी ते इतक्या काळजीने टाळले आहे, त्या अर्थी ती इथलीच, बहुधा मिश्र रक्ताची.

टाळायला कारणही होते. १७९१पासूनच कंपनीने हिंदी आईच्या मुलांना आपल्या मुलकी आणि लष्करी नोकरीची दारे बंद केली होती. मुलींना नोकरी नव्हतीच. त्यांना नवरा आणि अब्रू लागे, आणि दोन्हींचा भाव गोऱ्या रंगावर ठरे. दरबारी शिक्षिकेची जागा कार्नार्व्हनच्या कॅप्टनकन्येला मिळते, नगरच्या छावणीत जन्मलेल्या सार्जंटच्या पोरीला मिळत नाही. ॲनाने वडील बदलले, वय बदलले, गाव बदलले. आजी तिला बदलावी लागली नाही. ते काम कारकुनांनी आधीच करून ठेवले होते. आणि गंमत अशी की ॲनाने रचलेले सगळे दीडशे वर्षांच्या आत उघडे पडले, कारण खोट्या कॅप्टनमागे खरा सार्जंट कागदावर उभा होता. कारकुनांच्या कामामागे कोणीच उभे नाही.

या पायरीवर शोधकाने मृत्युपत्रे पाहावीत. जिवंतपणी जिचे नाव घेतले नाही, तिला काही साहेब मरताना चार रुपये लिहून ठेवत. त्यातही नाव असेलच असे नाही.

पायरी सातवी: घरी परतावे

आता स्वतःचे घराणे घेण्यास हरकत नाही. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी मिळतात; बापाच्या मागे बाप, त्याच्या मागे बाप, अशी सलग रांग. छापील कुलवृत्तांत असल्यास उत्तम: पुरुषाला परिच्छेद, बायकोला अर्धी ओळ. शिवाय लग्नात तांदळावर नवे नाव लिहून मुलीचे पहिले नावही बदलायची आपली रीत. इंग्रजांनी फक्त आडनाव पुसले. आपण पूर्ण काम करतो.

या बाबतीत नरोलीकरांनी एकदा दमणच्या दिशेने हात जोडावेत. पोर्तुगीज राजवट जाताना कोणाला वाईट वाटले नाही, वाटायचे कारणही नव्हते. पण त्यांच्या जन्मनोंदणीच्या कागदावर मुलाच्या आईवडिलांखाली चौघांची नावे लिहिण्याची जागा असे: बापाचे आईवडील आणि आईचे आईवडील. तो रकाना भरला गेला असेल, तर आईची आई तिथे नावानिशी बसलेली सापडते. ग्लॅस्कॉटच्या बायकोला एवढी एक ओळ मिळाली असती, तर सुझन मॉर्गन यांचे निम्मे कष्ट वाचले असते.

स्वाध्याय

प्रत्येकाला चार पणज्या असतात. चौघींची माहेरची नावे, आडनावे आणि गावे लिहा. वेळ पाच मिनिटे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारण्यास मुभा आहे, किंबहुना त्वरा करावी. दोनपेक्षा कमी उत्तरे येणाऱ्यांनी ॲनाला हसू नये. चारही येणाऱ्यांचे अभिनंदन. मात्र चारही माहेरे सरदारांची निघाली, तर पायरी दुसरीतले कोष्टक एकदा लावून पाहावे.