सहा वॅटच्या साहेबांना भेस्तानहून सा. न. वि. वि.

मा. इंटेल प्रोसेसर एन-१०० साहेब यांस,
मुक्काम : टीव्हीच्या मागे, डबल टेपने चिकटवलेले,
भेस्तान, सुरत.

साहेब, सा. न. वि. वि.

आपलं आमच्या घरी येणं झालं त्याला आता दोन महिने झाले. भाच्याने खोका उघडला तेव्हा बायकोला वाटलं, चार्जर आला. पीसी मागून येईल. मिसळणाच्या डब्यापेक्षा लहान अंग, आवाज नाही, उष्मा नाही. भाचा म्हणाला, "मामा, जुना पीसी पंचाण्णव वॅट खातो, हा फक्त सहा. सोळापट बचत!" शेजारच्या आजी बघायला आल्या, त्यांनी तेवढंच विचारलं, "हाई काय शे?" त्यांना उत्तर द्यायला भाच्याला पाच मिनिटं लागली आणि त्यात 'सहा वॅट' हा शब्द सात वेळा आला. मी मोजला. मोजणं हे माझं पोटाचं काम आहे.

मी पांडेसऱ्याला लूमच्या खात्यात मेहताजी आहे. आम्ही मूळचे अमळनेरकडचे. भुसावळच्या गाडीने उधन्याला उतरायचं आणि मग आयुष्यभर इथेच, हा खानदेशातल्या कित्येक घरांचा रिवाज. कारागिराचा पगार मीटरवर निघतो, ते मीटर लिहिणारा मी. म्हणून तुमच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला वॅटचा आकडा वाचून मला एक जुनी गोष्ट आठवली. आमच्या शेठने धोट्याचे जुने लूम काढून वॉटरजेट घ्यायचं ठरवलं, तेव्हा मोटरवरची पत्री वाचून कुणी मशीन पसंत केलं नव्हतं. जुन्या लूमची मोटर एक हॉर्सपॉवरची, वॉटरजेटची तिच्याहून मोठी, शिवाय पाण्याचा पंप वेगळा. पत्री वाचून निवड झाली असती तर आजही धोटाच खडखडत असता, मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा. शेठने विचारलं ते इतकंच : पिक किती, म्हणजे मिनिटाला आडवे धागे किती, पन्हा किती, आणि एका युनिटमागे कापड किती. हा प्रश्न तुमच्याबाबत आमच्या घरात कुणी विचारलाच नाही, आणि म्हणून हे पत्र.

आधी तुमच्या खानदानाविषयी, कारण सोयरिकीआधी कूळ पाहण्याची आमच्यात पद्धत आहे. तुम्ही जानेवारी २०२३ मध्ये जन्मलात. त्या सुमारास कंपनीने स्वस्त चिपांवरची पेंटियम आणि सेलेरॉन ही जुनी आडनावं काढून टाकली, म्हणून तुम्ही नुसते 'प्रोसेसर'. जणू कुणी विचारावं नाव काय, तर उत्तर यावं 'माणूस'. तुमचे पूर्वज ॲटम, २००८ साली त्या पिटुकल्या नेटबुकांतून घरोघर गेलेले. त्यांच्या संथपणाच्या आठवणी काढून तुमचा उपमर्द करत नाही, कारण तुम्ही खरंच वंशाचं नाव काढलंत. तुमच्यात जे चार कोर आहेत, त्यांना ग्रेसमाँट म्हणतात. तेच कोर कंपनीच्या बाराव्या पिढीच्या मोठ्या डेस्कटॉप चिपांतही आहेत, पण तिथे ते सालदार आहेत. वाड्यात मालक कोर वेगळे; जड काम मालकांचं, आणि झाडलोट, वैरण, राखण सालदारांची. तुमच्या बाबतीत मालकांना वगळलं आणि चार सालदारांच्या हाती सगळी शेती दिली. शेती ते चांगली करतात. चौघांच्या एकत्र कामाचं माप घेतलं तर तुम्ही आमच्या म्हाताऱ्याच्या पुढे आहात, हे मी लिहून देतो.

म्हातारा म्हणजे आय-फाइव्ह २४००. जानेवारी २०११ चा. चार कोर, चार धागे, ३.१ गिगाहर्ट्झ, कंपनीच्या कागदावर ९५ वॅट. कुठल्याशा कचेरीतून निवृत्त होऊन भंगाराच्या भावात आमच्याकडे आला. डब्यावर अजून तिथल्या मालमत्तेचं स्टिकर आहे. त्याचं स्वतःचं चित्र काढण्याचं अंग अगदी दुबळं, त्या बाबतीत तुम्ही त्याला सहज झोपवाल. पण म्हाताऱ्याच्या पाटावर एक लांब खाच आहे, आणि तिच्यात भाच्याने पैसे साठवून एक जुनं जीटीएक्स ७५० टीआय बसवलं. २०१४ चं ग्राफिक्स कार्ड, साठ वॅटचं. त्याला वेगळी वीज-वायर लागत नाही, खाचेतूनच जेवतं. म्हणूनच कचेरीतल्या फुसक्या पॉवर सप्लायवर चालणारं ते गरिबांचं लाडकं कार्ड झालं.

आता इथे साहेब, कृपा करून लक्ष द्या, कारण सगळा घोळ इथे आहे. गेममध्ये कापड विणतं ते हे कार्ड. प्रोसेसर म्हणजे बीम भरून देणारा, तुटलेला तार जोडणारा, पुढचा माल काय ते सांगणारा. तो ढिला असेल तर लूम थांबतो, हे खरं. पण तो कितीही चपळ असला तरी लूमशिवाय वीतभर कापड निघत नाही. 'पंचाण्णव विरुद्ध सहा' ही तुलना दोन बीमवाल्यांची होती. लूम कोणाकडे कसला आहे हे खोक्यावर लिहिलं नव्हतं. शिवाय तो आकडाही विजेच्या बिलाचा नव्हे. किती उष्णता बाहेर काढायची सोय ठेवा, हे पंखा बसवणाऱ्याला सांगण्यासाठी तो असतो. तुम्ही स्वतः जोरात धावता तेव्हा सहावर थांबत नाही. पंधरा-वीसची मुभा डबा बनवणारे तुम्हाला सर्रास देतात.

तुमच्याकडेही लूम आहे, तुमच्या पोटातच, चोवीस छोट्या विभागांचा. पण त्याची स्वतःची मेमरी नाही. ती तुमच्याशी वाटून घ्यायची, आणि तीही एकाच रस्त्याने. तुम्हाला मेमरीचे दोन रस्ते दिलेलेच नाहीत. आमच्या डब्यातल्या मेमरीने त्या रस्त्यावरून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ गिगाबाइट सूत जातं, त्यात तुमचाही वाटा आणि लूमचाही. त्या जुन्या कार्डाचा खासगी रस्ता ८६.४ चा. फाटक पडल्यावर एका बाजूला एकच गल्ली आणि दुसऱ्या बाजूला तीनहून जास्त, असं ते आहे. आणि मोठं कार्ड लावावं म्हटलं तर तुमच्या अंगावर ती लांब खाचच नाही.

खात्यातल्या इलेक्ट्रिशियनकडून मी प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर मागून आणला. भाच्याला जीटीए फाइव्ह लावायला सांगितलं. हा गेम पीसीवर २०१५ साली आला, तेव्हा म्हाताऱ्याचं वय चार होतं. म्हाताऱ्याने फुल एचडी पडद्यावर पन्नासच्या आसपास फ्रेम दिल्या, पंखा मात्र पापड गिरणीसारखा. भिंतीतून ओढले दीडशे वॅट. मग तुमची पाळी. फुल एचडीवर चित्र अडखळत गेलं, गाडी फुटपाथवर आणि भाचा कपाळाला हात लावून. पडदा ७२० वर आणला, सावल्या काढल्या, गवत काढलं, तेव्हा तीसच्या घरात आलात. ओढले बावीस वॅट.

आता मेहताजीचा हिशेब. फ्रेमला पिक म्हणा आणि पडद्याला पन्हा. म्हाताऱ्याचा पन्हा तुमच्या सव्वादोनपट. १९२० गुणिले १०८० भागिले १२८० गुणिले ७२०, कॅल्क्युलेटर लागत नाही. दीडशे वॅटमध्ये त्याने सव्वादोनपट रुंद कापडाचे पन्नास पिक दिले. बावीस वॅटमध्ये तुम्ही अरुंद पन्ह्याचे तीस. भागाकार केला तर वॅटमागे कापड तुमचंच जास्त भरतं. पावणेदोनपटीहून थोडं जास्तच. मी दोनदा तपासलं, कारण उत्तर मला आवडलं नव्हतं. सोळापट कुठे, पावणेदोनपट कुठे, हे खरं. तरी जिंकलात तुम्हीच. पण साहेब, गिऱ्हाइकाने साडी मागितली होती आणि तुम्ही अत्यंत काटकसरीने टॉवेल विणून दिलात.

राहिला पैशाचा हिशेब. रोज चार तास खेळ धरला तर म्हातारा महिन्याला अठरा युनिट जाळतो, तुम्ही तीनहून कमी. फरक पंधरा युनिट. युनिटला आठ रुपये धरले तर महिन्याला १२० रुपयांची बचत. आपली किंमत साडेचौदा हजार. म्हणजे आपण आमच्याकडे दहा वर्षं नोकरी केलीत की फुकट पडाल. तोवर भाच्याचं लग्न होऊन त्याला खेळायला कुणी देणार नाही, ही बचत वेगळी.

कंपनीवर माझा राग नाही. तिने आपल्याला कधी खेळाचा पहिलवान म्हटलं नाही. शाळा, हिशेब, व्हिडिओ, साधी कामं, यासाठीच आपल्याला पाठवलं. 'गेमिंग' हा शब्द वाटेत कुणीतरी खोक्यावर चिकटवला, आणि खोक्यावरच्या अक्षरावर विश्वास ठेवायला आमच्या घरात तयार मंडळी होती. मीही त्यात होतो. पैसे मीच मोजून दिले.

आणि तुमच्या गुणांबद्दल न लिहिणं पाप होईल. जीटीएचा जुना सॅन अँड्रियास तुमच्यावर लोण्यासारखा चालतो. काउंटर-स्ट्राइकची जुनी १.६ आवृत्ती, जिच्यासाठी मी स्वतः एके काळी सायबर कॅफेत तासाला वीस रुपये घातले, ती तर तुम्ही झोपेत चालवता. वैशाखात आमचा पत्रा तापतो तेव्हा म्हाताऱ्याचा डबा सुरू करणं म्हणजे खोलीत दुसरी शेगडी पेटवणं; दीडशे वॅट आत गेले की दीडशे वॅटची उष्णता बाहेर येतेच, ती कुठे पंढरपूरला जात नाही. बायको त्या दिवसांत तुमच्याच बाजूची असते. रात्री तुम्ही सुरू आहात की बंद, हे कळायला निळा दिवा बघावा लागतो.

पण सगळ्यात मोठा तुमचा गुण म्हणजे कागदपत्रं. भेस्तानला राहणाऱ्याला त्यांची किंमत सांगायला नको. इथे माणूस आधी येतो, कामाला आधी लागतो, आणि पत्त्याचा पुरावा मागून वर्षानुवर्षं गोळा होत राहतो. म्हाताऱ्याचं तेच झालं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ च्या दारात इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची हवी, टीपीएम २.० हवं. म्हातारा दुसऱ्या पिढीचा. काम करू शकतो, ओळखपत्र नाही. विंडोज ११ वर व्हॅलोरंट या गेमचा राखणदारही टीपीएम आणि सिक्युअर बूट मागतो. काही नवे गेम एव्हीएक्स-२ नावाची विद्या मागतात. इंटेलकडे ती २०१३ मध्ये आली, म्हाताऱ्याच्या शिक्षणानंतर. तुमच्याकडे हे सगळे दाखले फाइलला लावून तयार आहेत. दारात तुम्हाला कुणी अडवत नाही. आत गेल्यावर वजन उचलवत नाही, एवढंच. ज्याच्यात उचलायची ताकद आहे तो दाराबाहेर उभा, आणि ज्याला आत घेतलं त्याला पोतं पेलत नाही. आमच्या खात्यातही मी हा देखावा पाहिला आहे, पण तिथे निदान दोघं एकमेकांना चहा तरी पाजतात.

तरी आपल्या मानाला धक्का न लागता तोडगा काढला आहे. येत्या सोमवारपासून आपली बदली माझ्या टेबलावर, खात्यात. मीटरच्या नोंदी, पगाराचा तक्ता, जीएसटीची बिलं, आणि दुपारी शेठ नसताना एखादं जुनं मराठी नाटक. म्हातारा घरीच राहील, जीटीएसाठी. भाच्याने त्याचं इंटरनेट काढून ठेवलं आहे आणि पंख्याला नवीन ग्रीस दिलं आहे.

टेप सांभाळून काढू. भिंतीचा रंग गेला तर घरमालक आमच्या अनामतीतून कापतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक मेहताजी

ता. क. : निघताना आपला चार्जर बायकोला दाखवू नका. तिला अजून वाटतं, पीसी यायचा आहे.