अण्णांचं निदान

कोल्हापुरात बंद पडलेलं वाहन फार वेळ एकटं राहत नाही. शिवाजी उद्यमनगरात तर मुळीच नाही. दोन किका वाया गेल्या की टपरीवर चहाचा अर्धा ग्लास खाली ठेवला जातो, समोरच्या शेडमधला लेथ थांबतो आणि गर्दीतून खणखणीत आवाज येतो, “थांब, थांब. कचरा आलाय.”

हे अण्णा. गल्ली कुठलीही असो, तिथं एक अण्णा असतातच. वय पन्नाशीपुढचं, शर्टाच्या खिशात टेस्टर आणि हात स्वच्छ. पाना ते दुसऱ्याच्या हातात देतात. “पिळ की मर्दा, घाबरतोस काय!” एवढंच त्यांचं अंगमेहनतीचं काम.

हा आत्मविश्वास वारशानं आलेला आहे. या गावानं एकेकाळी नदीकाठच्या शेतकऱ्यांसाठी ऑइल इंजिनं बनवली. आजही शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या फाउंड्र्यांत मोटारींचे सुटे भाग ओतले जातात. अशा गावात इंजिनाबद्दल मत नसणं म्हणजे तांबड्या रश्श्याबद्दल मत नसण्यासारखं. पाडव्याला म्हशी पळवायच्या तर पुढं सायलेन्सर काढलेली मोटारसायकल लागते, हेही याच गावचं.

अण्णांचं शिक्षण मळ्यातल्या डिझेल इंजिनावर झालं. आधी डिकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब निघून जातो. मग हँडल मारून फ्लायव्हील गरगर फिरवायचं आणि वेग आला की खटका सोडायचा. धक, धक, आणि पाणी पाटाला. चुकलं तर हँडल उलटं येऊन मनगट मोडायचं. हे सगळं अण्णांनी लहानपणी पाहिलं. पाहिलं, यावर भर द्यायला हवा.

त्यांची खरी परीक्षा पाहते ती कॉलेजच्या पोरांची ‘बाहा’ गाडी. बाहा ही स्पर्धा १९७६ साली अमेरिकेत सुरू झाली आणि २००७ पासून एसएई इंडिया ही अभियंत्यांची संस्था ती आपल्याकडे भरवते. मध्य प्रदेशातलं पीथमपूर हे तिचं जुनं मैदान. एका माणसाची, खड्ड्याचिखलातून उड्या मारत जाणारी गाडी विद्यार्थ्यांनीच बनवायची आणि शेवटी सलग चार तासांच्या शर्यतीत ती टिकवून दाखवायची. बरीच वर्षं सगळ्या संघांना इंजिन एकच असायचं : ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं ३०५ सीसी, १० अश्वशक्तीचं, दोरी ओढून चालू होणारं. त्याच्या आत हात घालायचा नाही, हा नियम.

आता अशी गाडी वेल्डिंगसाठी उद्यमनगरात आलेली आहे. पहिल्या दोन झटक्यांत थंड इंजिन लागत नाही. त्यात वावगं काही नसतं. पण तेवढ्यात अण्णा पोचतात, सांगाड्याच्या नळीवर कोपर टेकतात आणि वाकून पाहतात.

“ब्याटरी उतरलीया.”

“अण्णा, याला ब्याटरी लागत न्हाई. फ्लायव्हीलला चुंबक असतंय. ते फिरून कॉइलसमोरून गेलं की प्लगला करंट येतोय.”

“तेच म्हणतोय मी. चुंबक उतरलं असंल.”

दुसरा उपाय गर्दीला आवडणारा असतो. “ढकला रे!” मागून सहा जण लावतात, गाडी गल्लीच्या टोकाला जाते, इंजिन गप्पच. कारण या गाडीला गिअरबॉक्सऐवजी पट्ट्यावर चालणारं सीव्हीटी आहे. इंजिनाकडची पुली वेगानं फिरल्याशिवाय पट्टा पकडत नाही, त्यामुळं चाकाकडून कितीही जोर लावला तरी तो इंजिनापर्यंत पोचत नाही. पोरं हे सांगत असतात, पण ढकलणाऱ्यांच्या आवाजात ते कुणाला ऐकू जात नाही. अण्णा तर गाडीबरोबर चालताहेत, कोपर तिथंच.

मग मूळ निदान : कचरा. कार्बोरेटरची वाटी उतरवली जाते. आत लख्ख पेट्रोल. अण्णा ते उन्हात धरून बघतात, वास घेतात आणि म्हणतात, “बारीक हाय. दिसायचा न्हाई.”

“चोक वढ आणि मार झटके.” गल्लीतला प्रत्येक दंड दोरीवर आजमावला जातो. तालमीत जाणारा एक जण शर्टही काढतो. चोक बंद ठेवून इतके झटके मारल्यावर व्हायचं तेच होतं : सिलिंडरमध्ये पेट्रोल तुंबतं आणि वास चहाच्या टपरीपर्यंत जातो. यावर अण्णांचा शेवटचा शब्द, “इंजिन खोलावं लागंल.”

संघातली एक मुलगी इतका वेळ गप्प असते. ती प्लग काढते. तो ओलाचिंब. पुसून बाजूला ठेवते, चोक उघडते आणि दोरी चारपाच वेळा ओढून आतलं पेट्रोल बाहेर घालवते. त्याची वाफ विरू देते. मग प्लग टोपीत बसवून, त्याचं लोखंड भोकापासून लांब इंजिनाला टेकवून पुन्हा झटका मारायला सांगते. निळी ठिणगी दिसायला हवी. दिसत नाही. म्हणजे पेट्रोलचा प्रश्न मिटला, करंटचा राहिला. ती वायर धरून मागं मागं जाते आणि अण्णांच्या कोपरापाशी थांबते.

बाहाच्या गाडीला इंजिन बंद करायची दोन बटणं लागतात, हाही नियम. एक चालकाच्या हाताशी, दुसरं बाहेर उजव्या बाजूला, अपघात झाला तर कुणालाही दाबता यावं म्हणून. ते दाबलं की कॉइलचा करंट परस्पर सांगाड्यात उतरतो. अण्णांच्या कोपरानं ते दाबलं जाऊन बराच वेळ झालेला असतो.

“अण्णा, जरा हात काढतासा?”

बटण वर येतं, प्लग बसतो आणि दुसऱ्या झटक्याला गाडी धडधडायला लागते. टाळ्या पडतात. अण्णा त्या स्वीकारतात. “सांगितलं नव्हतं? वायरीतच कचरा हुता.” चहाचे पैसे मात्र तेच देतात, सगळ्या संघाचे, आणि पीथमपूरला निघायच्या आधी गाडी दाखवून जा, असं बजावतात.

पुढच्या वर्षी पोरं ई-बाहाची गाडी घेऊन येतात. २०१५ पासून स्पर्धेत विजेवरच्या गाड्यांचा वेगळा गट आहे. या गाडीला दोरी नाही, प्लग नाही, कार्बोरेटर नाही. अण्णा तिच्याभोवती दोन फेऱ्या मारतात, या खेपेला हात पाठीमागं बांधून.

“ह्यात कचरा कुठनं येतोय रं?”

“येतच न्हाई, अण्णा.”

अण्णा बराच वेळ विचार करतात. चेहऱ्यावर काळजी दिसते. मग एकदम उजळतात.

“पर ब्याटरी तर हाय न्हवं? मग ती उतरली असंल!”